पंडिता रमाबाई व बाप्तिस्म्याचे पाणी

अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील खेड्यांच्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याचा दिवस मोठ्या आनंदाचा असतो. सारी मंडळी जमते, गीते होतात, आणि उमेदवार पाण्यातून वर येताच त्याचे तारण झाले असे पुष्कळांस वाटून जाते. उलटपक्षी, विश्वास अंतःकरणात असल्यावर पाण्याचे प्रयोजन काय, असे म्हणून वर्षानुवर्षे काठावरच उभे राहणारेही आहेत. या दोन्ही पक्षांच्या बंधुभगिनींनी पंडिता रमाबाईंचे चरित्र एकवार वाचावे, असे आम्हास वाटते.

बाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले, व मातोश्रींनी तीच विद्या कन्येस दिली. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. नद्यांत स्नाने करावी, पुराणे सांगावी, दानधर्म करावा, असा क्रम कित्येक वर्षे चालला. पाण्याने पाप धुतले जाते यावर त्यांची दृढ श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेत ढोंग नव्हते हे आम्ही आदराने नमूद करतो. हिमालयातील एका तळ्यावर पापरहित यात्रेकरूंकडे तरंगते डोंगर आपण होऊन येतात, अशी ख्याती होती. बाईंचे बंधू श्रीनिवास पोहत गेले, तो डोंगरामागे नावेत बसून ते ढकलणारा पुजारी त्यांस दिसला! 1874 च्या सुमारास दुष्काळ पडला. सर्वस्व संपले, दृष्टी गेली, तेव्हा वृद्ध अनंतशास्त्र्यांनी तीर्थाच्या तलावात जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. मुलाने त्यांस अडविले, परंतु थोड्याच दिवसांत तापाने त्यांचा अंत झाला. मागोमाग माताही गेली. ज्या पाण्यापाशी सारा जन्म पुण्याची आशा धरली, त्याच पाण्यापाशी हे कुटुंब निराश होऊन थांबले.

1878 साली कलकत्त्यास मिळालेल्या पंडिता व सरस्वती या पदव्या, बाबू बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, 1882 साली आलेले वैधव्य, पुण्यातील आर्य महिला समाज, हे सर्व वाचकांस ठाऊक आहेच. 1883 साली बाई कन्या मनोरमेस घेऊन इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींकडे गेल्या. त्या भगिनींनी फुलहॅम येथे पतित स्त्रियांकरिता आश्रम चालविला होता. जिला समाजाने टाकले तिला येथे जवळ घेतात, हे पाहून बाई चकित झाल्या. याचे कारण विचारता एका भगिनीने त्यांस प्रभू येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा सांगितली. विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या स्त्रीला प्रभूने जिवंत पाणी देऊ केले, ही गोष्ट तीर्थोदकाने तहान न भागलेल्या या विदुषीच्या काळजास जाऊन भिडली. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथेच कथा संपली असती तर आम्ही ती लिहिली नसती. बाप्तिस्म्यानंतरही बाईंच्या मनात अनेक प्रश्न होते. त्रैक्य व प्रभूचा जन्म यांविषयींची चर्चची मते त्यांस एकदम मान्य होईनात, आणि भगिनींशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो, कोणा एका पंथाच्या दावणीस बांधलो गेलो नाही, असे त्यांचे म्हणणे होते. भगिनींस हा अहंकार वाटला. आम्हास तो अहंकार वाटत नाही. परंतु हृदय अजून तृप्त नव्हते, हे मात्र खरे.

1889 साली मुंबईत शारदा सदन निघाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. त्याच सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त बाईंच्या वाचनात आले. हा मनुष्य दीक्षित पाळक असून, स्वतः उपदेश करीत असतानाच प्रथम खऱ्या पालटास पावला होता. बाईंनी तो आरसा स्वतःसमोर धरला. बाप्तिस्मा होऊन सुमारे आठ वर्षे झाली होती. धर्म हाती आला होता, धर्माचा स्वामी नव्हता, हे त्यांनी ओळखले, आणि पुढे 1907 साली प्रसिद्ध केलेल्या साक्षीत ते जगजाहीर केले. एवढी नावाजलेली विदुषी ही कबुली देण्यास लाजली नाही. मात्र बाप्तिस्मा फुकट गेला, असे त्यांनी म्हटले नाही. नव्या धर्माने त्या वेळी समाधान दिले होते, हेही त्यांनी त्याच साक्षीत लिहिले. बीज 1883 साली पडले व अंकुर मागाहून आला, असे आम्ही समजतो.

या पालटानंतर बाईंच्या कार्यास निराळीच धार आली. सदनातील काही मुली त्यांच्या प्रार्थनेस येऊन बसू लागल्या, त्यावरून 1893 साली मोठा गहजब झाला. सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. 1896–97 च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली घेऊन आल्या. त्यांतील पुष्कळ जणींचा बाप्तिस्मा केडगावजवळ भीमा नदीत झाला. दुष्काळाने आईबाप नेलेल्या मुलींना पाण्यात उतरताना पाहून बाईंस तो तीर्थाचा तलाव आठवला नसेल काय?

आमच्या वऱ्हाडाशीही बाईंचा ऋणानुबंध होता. अकोल्याच्या अलायन्स मिशनमधील मिसेस जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर लिहिलेल्या ग्रंथास बाईंची प्रस्तावना आहे. तो 1900 साली निघाला. शेवटच्या वर्षांत बाई हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या, खेड्यातील बाईला वाचता यावे म्हणून. छपाईचे काम मुक्ती सदनातील मुलीच करीत. 1921 साली मनोरमाबाई वारल्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी बाईंनी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण बायबल 1924 साली छापून निघाले.