एक्सप्लेनर : १९०२ मध्ये ५० टक्के जागा राखून ठेवणारे शाहू महाराज; बीडच्या आरक्षण वादात त्यांचे नाव का येते?

बीड : जिल्ह्यात आरक्षणाचा विषय निघाला की मराठा आणि ओबीसी, दोन्ही बाजू राजर्षी शाहू महाराजांचा दाखला देतात. त्यांनी नेमके काय केले होते? जाणून घेऊया.

कोण होते शाहू महाराज?

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि १८९४ मध्ये कारभार त्यांच्या हाती आला. त्या वेळी संस्थानच्या सामान्य प्रशासनातील ७१ पैकी ६० अधिकारी ब्राह्मण होते.

आदेश काय होता?

महाराज इंग्लंडमध्ये असताना २६ जुलै १९०२ रोजी आदेश निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना मिळणार होत्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेल्या जाती वगळून बाकी सगळे मागासलेले, अशी व्याख्या होती. म्हणजे मराठाही त्यात होते. नेमणुकांचा तक्ता खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी सादर करायचा होता.

फक्त आदेश पुरेसा होता का?

नाही. जागा आहेत, पण शिकलेली मुले कुठून आणायची, हा खरा प्रश्न होता. म्हणून १९०१ पासूनच मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा समाजांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहत गेली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांसोबत बसवण्यात आले. १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांना जाहीर पाठिंबा दिला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७.

बीडशी संबंध काय?

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे हा आदेश इथे लागू नव्हता. आजचा वाद त्याच संस्थानच्या कुणबी नोंदींवरून आहे. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रांसाठी जीआर काढला. आपल्या वाट्यात भागीदार वाढतील, म्हणून ओबीसी संघटनांचा त्याला विरोध आहे. १९९२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातल्याने ओढाताण आणखी वाढते.

मग यातून काय घ्यायचे?

वाटा कुणाला किती, यावर दोन्ही बाजू भांडतात. शाहू महाराजांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग मात्र चर्चेत क्वचितच येतो. बीडमधील हजारो ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि अनेक मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. ही मुले मराठा आहेत, वंजारी आहेत, दलितही आहेत. प्रमाणपत्र कोणतेही असो, बारावीपर्यंत पोहोचलाच नाही त्याला राखीव जागेचा उपयोग नाही. कोल्हापुरात कोट्यासोबत वसतिगृहही होते, ते यासाठीच.