विश्लेषण : जुन्या कपड्यांच्या गाळ्यातून वेम्बलीच्या मंचावर… पाचगणीत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी कसा घडला?

पांढरे बनियन, फिकी जीन्स, दंडावर चामड्याचा पट्टा आणि हातात अर्धवट स्टँडचा माइक. फ्रेडी मर्क्युरीची ही प्रतिमा जगभर ओळखली जाते. पण हा गायक प्रसिद्ध होण्यापूर्वी लंडनमध्ये कपडे आणि बूट विकत होता, त्याआधी आपल्या पाचगणीत शिकत होता, आणि ज्या पंक संगीताने त्याची टर उडवली त्याच्याशी त्याचे नाते वाटते त्यापेक्षा जवळचे होते.

फरोख बलसारा कोण होता?

५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमधील स्टोन टाउन येथे एका पारशी कुटुंबात फरोखचा जन्म झाला. घराण्याचे मूळ गुजरातमधील बलसाडचे, म्हणून आडनाव बलसारा. वडील बोमी ब्रिटिश वसाहत सरकारच्या नोकरीत रोखपाल होते, तर आई जेर घर सांभाळत. धाकटी बहीण काश्मिरा.

झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि हिंदी महासागरातील व्यापारामुळे मुंबईशी त्याचा जुना संबंध होता. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आठ वर्षांच्या फरोखला बोटीने भारतात पाठवण्यात आले.

पाचगणीत काय घडले?

सातारा जिल्ह्यातील पाचगणी निवासी शाळांसाठी प्रसिद्ध. तेथील सेंट पीटर्स स्कूलमध्ये फरोख दाखल झाला. शाळेतच त्याचा ‘फ्रेडी’ झाला आणि पुढे घरच्यांनीही तेच नाव स्वीकारले. तो मुष्टियुद्ध आणि टेबल टेनिस खेळे, चित्रे काढी, शाळेच्या नाटकांत काम करी आणि गायनवृंदात गात असे. त्याचा पियानोकडे असलेला ओढा लक्षात आल्यावर त्याला रीतसर शिकवणी लावण्यात आली.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस पाच मित्रांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पाश्चात्त्य रॉक अँड रोलची गाणी हे विद्यार्थी शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. गंमत म्हणजे त्यात मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो पियानोवर बसे. मोठ्या सुट्ट्यांत झांझिबारला जाणे शक्य नसे, तेव्हा मुक्काम मुंबईत नातेवाईकांकडे असे. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला.

घर का सोडावे लागले?

डिसेंबर १९६३ मध्ये झांझिबार स्वतंत्र झाले आणि महिनाभरातच, १२ जानेवारी १९६४ रोजी, तेथे क्रांती झाली. अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांवर हल्ले झाले. हजारो मारले गेले, अनेकांनी देश सोडला. बलसारा कुटुंबही मोजके सामान घेऊन इंग्लंडला निघाले आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरात स्थिरावले. फ्रेडी तेव्हा १७ वर्षांचा होता.

नागपूरच्या जरीपटक्यात वाढलेल्यांना या कथेचा हा भाग नवा वाटणार नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी तेथे नव्याने संसार मांडले आणि दुकानदारीच्या बळावर बाजारपेठ उभी केली. एका पिढीचे घर सुटले की पुढच्या पिढीला आपण कोण, हे नव्याने ठरवावे लागते. फ्रेडीने त्याचे उत्तर कपड्यांत आणि गाण्यात शोधले.

कपड्यांचा नाद कुठून लागला?

१९६६ मध्ये त्याने ईलिंग आर्ट कॉलेजात प्रवेश घेतला. सुरुवात फॅशन डिझाइनने झाली, नंतर तो ग्राफिक आर्टकडे वळला आणि १९६९ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडला. खर्चासाठी मधल्या काळात त्याने हीथ्रोवर सामान हाताळण्याचे कामही केले. कॉलेजातील मित्र टिम स्टाफेल याच्यामुळे ‘स्माइल’ या बँडमधील गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याशी ओळख झाली.

१९६९ मध्ये फ्रेडी आणि रॉजर यांनी केन्सिंग्टन मार्केटमध्ये एक छोटा गाळा घेतला. ही जागा म्हणजे छोट्या-छोट्या गाळ्यांचा बहुमजली बाजार. आधी त्यांनी कॉलेजातील मित्रांची आणि फ्रेडीची स्वतःची चित्रे विकून पाहिली. ती फारशी खपेनात, तेव्हा जुने कपडे ठेवायला सुरुवात केली. राजा एडवर्डच्या काळातील जुने कोट, मखमल, रेशमी स्कार्फ असा माल असे. दुकानदार स्वतःच जाहिरात होता, कारण जे विकायचे तेच अंगावर घालून फ्रेडी उभा राहत असे.

पुढे त्याच बाजारात अ‍ॅलन मेअर यांच्या बुटांच्या गाळ्यावर तो काम करू लागला. डेव्हिड बोवी यांनाही तेथे बूट मिळाले होते. क्वीनचे पहिले अल्बम निघत असतानाही फ्रेडीचा या बाजाराशी संबंध होता, कारण बँडमधून हातात पैसा येण्यास वेळ लागला. त्याची दीर्घकाळची जिवलग मेरी ऑस्टिन हीदेखील ‘बिबा’ या तेव्हाच्या गाजलेल्या कपड्यांच्या दुकानात काम करत होती.

क्वीन आणि ‘मर्क्युरी’ हे नाव कसे आले?

१९७० मध्ये स्माइल मोडला आणि फ्रेडी गायक म्हणून पुढे आला. ‘क्वीन’ हे नाव त्याचेच. १९७१ मध्ये बेसवादक जॉन डीकन आला आणि चौघे पूर्ण झाले. बँडचे मानचिन्हही फ्रेडीनेच काढले. चौघांच्या राशींनुसार दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या, वर फिनिक्स पक्षी. कॉलेजात शिकलेले डिझाइन असे कामी आले.

याच सुमारास बलसाराचा मर्क्युरी झाला. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांच्या स्थलांतरितविरोधी भाषणाने ब्रिटन ढवळून निघाले होते. वर्णद्वेषाच्या त्या वातावरणाशी हे नामांतर जोडले जाते. अर्थात, मंचासाठी वेगळे नाव घेण्याची प्रथाही तेव्हा सर्रास होती. एवढे खरे की प्रसिद्धी मिळाल्यावर तो झांझिबार आणि भारताबद्दल जाहीरपणे फार कमी बोलला. त्यामुळे त्याने मुळे लपवली, असा आक्षेप आजही घेतला जातो. पण आई-वडिलांचे घर त्याने कधी तोडले नाही.

पंकशी गाठ कशी पडली?

१९७४ मध्ये फॅशन डिझाइनर झँड्रा ऱ्होड्स यांनी फ्रेडीसाठी पंखांसारखा पसरणारा पांढरा, चुणीदार अंगरखा दिला. पुढच्याच वर्षी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आले आणि ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

त्याच वेळी केन्सिंग्टनपासून फार दूर नसलेल्या किंग्ज रोडवर माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांच्या कपड्यांच्या दुकानातून दुसरी लाट उठत होती. फाटके टी-शर्ट, सेफ्टी पिना, चामडे. या दुकानाभोवती ‘सेक्स पिस्टल्स’ हा बँड जमला. पंकवाल्यांच्या लेखी क्वीन म्हणजे श्रीमंती थाट, लांबलचक गाणी आणि सामान्य तरुणापासून तुटलेले संगीत.

योगायोग असा की पंक घराघरांत पोहोचण्यास क्वीनचा अप्रत्यक्ष हातभार लागला. १ डिसेंबर १९७६ रोजी बिल ग्रंडी यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाला क्वीन जाऊ शकले नाहीत, म्हणून ईएमआय कंपनीने आपल्याच सेक्स पिस्टल्सना पाठवले. थेट प्रक्षेपणात शिव्यांची बरसात झाली आणि दुसऱ्या दिवशी सारा देश पंकबद्दल बोलू लागला.

१९७७ मध्ये दोन्ही बँड लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत होते. त्या वर्षी फ्रेडी रॉयल बॅलेच्या नर्तकांसह मंचावर आला होता. सिड व्हिशस याने त्यावरून त्याला डिवचले. फ्रेडीने त्याच्या नावाची मोडतोड करून खिल्ली उडवली आणि त्याला बाहेरची वाट दाखवली, असे स्टुडिओतील मंडळी सांगत आली आहेत.

मग फ्रेडी पंकविरोधी होता का?

गाण्यापुरते पाहिले तर दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. पण फ्रेडी ज्यांच्याकडे बूट विकत होता, ते अ‍ॅलन मेअर पुढे ‘दि ओन्ली वन्स’ या पंक लाटेतील बँडचे बेसवादक झाले. म्हणजे लंडनचे हे कपडेबाजार आणि बँड एकाच वर्तुळात होते. क्वीननेही त्याच १९७७ मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हा आधीपेक्षा साधा, थेट अल्बम काढला. त्यातील रॉजर टेलरचे ‘शीअर हार्ट अटॅक’ हे गाणे पंकच्याच वेगाचे आहे.

जन्माने जे दिले ते तसेच मिरवायचे नाही, अंगावरच्या कपड्यांतून स्वतःला नव्याने घडवायचे, ही दोघांचीही रीत होती. पंकने कपडे फाडून ते केले, फ्रेडीने नटून.

पोशाख बदलल्याने वाद का झाला?

१९८० मध्ये फ्रेडीने केस कापले आणि मिशी ठेवली. नाराज चाहत्यांनी अमेरिकेच्या दौऱ्यात मंचावर दाढीची रेझर फेकली. १९८४ मध्ये ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’च्या व्हिडीओत चौघेही बायकांच्या वेशात आले. ब्रिटनमध्ये लोक हसले, अमेरिकेत मात्र तो अनेकांना रुचला नाही. बालगंधर्वांच्या शालू-शेल्यांची चर्चा घरोघरी करणाऱ्या मराठी प्रेक्षकाला या नाराजीचे नवल वाटावे.

१३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीच्या ‘लाइव्ह एड’मध्ये सुमारे ७२ हजार लोकांसमोर त्याने पंख, मखमल सारे बाजूला ठेवले. बनियन आणि जीन्सवर वीस-एक मिनिटांत त्याने मैदान जिंकले. पुढच्या वर्षी, ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे तो क्वीनसोबत शेवटचा मंचावर उभा राहिला. त्या दौऱ्यात समारोपाला तो राजमुकुट आणि झूल घालून येत असे.

अखेर कशी झाली?

१९८७ मध्ये एचआयव्हीचे निदान झाले. त्याने ते मोजक्या लोकांनाच सांगितले आणि काम चालू ठेवले. मे १९९१ मधील शेवटच्या व्हिडीओत तो कमालीचा कृश दिसतो. चित्रीकरण कृष्णधवल ठेवले, चेहऱ्यावर रंगभूषेचा थर दिला. अंगात होते आपल्या मांजरांची चित्रे रंगवलेले रेशमी जाकीट.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने एड्स असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी केन्सिंग्टनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. वय होते ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी झरथुष्ट्री प्रार्थना म्हणून केले. मर्क्युरी नावाने जगलेल्या माणसाला निरोप बलसारा घराण्याच्या रीतीने मिळाला.

आज काय उरले आहे?

केन्सिंग्टन मार्केटची इमारत पुढे पाडली गेली. फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये स्मृतिफलक लागला. २०२३ मध्ये मेरी ऑस्टिन यांनी त्याच्या सुमारे १,४०० वस्तू सदबीज संस्थेमार्फत लिलावात काढल्या. मुकुट आणि झूल ६ लाख ३५ हजार पौंडांना, तर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या व्हिडीओतील चांदीचे सर्पाकृती कडे ६ लाख ९८ हजार ५०० पौंडांना गेले. ज्या शहरात तो कधी जुने कोट विकून दिवस काढत होता, त्याच शहरात त्याच्या जुन्या कपड्यांसाठी बोली लागली.