धानाच्या एकोणीस हजार जाती जपणारे डॉ. रिछारिया

भद्रावती : बाजारात एचएमटी तांदूळ घेताना नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवतात. १९८३ मध्ये त्यांना पटेल-३ धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचं बी त्यांनी वेगळं ठेवलं, त्यातूनच एचएमटी आलं. अशा वेगळ्या लोंबीची किंमत ओळखणारा शास्त्रज्ञ शेजारच्या रायपुरात होऊन गेला, डॉ. आर. एच. रिछारिया.

जन्म १९०९ चा, पीएचडी केंब्रिजची. १९५९ मध्ये ते कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. तेव्हा परदेशी बुटक्या धानाची घाई सुरू होती. सोबत रोग-किडी येतील म्हणून त्यांनी विरोध केला. १९६६ मध्ये खुर्ची गेली.

१९७१ पासून रायपूरच्या संस्थेत त्यांनी छत्तीसगड-मध्यप्रदेशातल्या गावोगावचं बी गोळा करवलं. हलकं, भारी, सुवासिक, पाण्यात टिकणारं. आकडा एकोणीस हजारांवर गेला.

एवढ्या जाती कशाला, असं वाटेल. धानाच्या पेशीतल्या डीएनएच्या एका संचात सुमारे ४० कोटी अक्षरं असतात. अक्षरं चारच प्रकारची, पण फक्त दहा अक्षरांची चिठ्ठी लिहिली तरी ती दहा लाखांहून जास्त प्रकारे लिहिता येते. मग ४० कोटींचं काय! सगळे प्रकार करून बघायला निसर्गालाही वेळ पुरत नाही. पिढी बदलताना एखादं अक्षर चुकतं, परागातून दोन जातींची सरमिसळ होते. बहुतेक बदल वाया जातात किंवा काहीच फरक पाडत नाहीत. एखादाच कामाचा निघतो, दुष्काळात तग धरतो, आणि शेतकरी तेच बी पुढच्या रोवणीला राखतो. जुनी जात म्हणजे हजारो वर्षांच्या शोधात सापडलेली एक जागा. नवीन वाणही तिथूनच पुढे जातं. बी संपलं की ती जागा पुन्हा सापडेलच असं नाही. म्हणून तर रिछारिया अडून बसले.

फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेला हा साठा हवा होता. त्यांनी नकार दिला. पुढे सत्तरच्या दशकातच रायपूरची संस्था बंद झाली आणि बियाणं कृषी विद्यापीठाकडे गेलं.

१९९६ मध्ये ते वारले. २००२ मध्ये त्याच साठ्यावरून विद्यापीठाचा एका परदेशी बियाणे कंपनीशी करार व्हायचा होता. छत्तीसगडात लोक रस्त्यावर आले, कंपनी मागे हटली. बी आजही रायपुरातच आहे.