हायड्रोजन कोळशात मुरवणारे जेम्स मॅकबेन

मंडईतून आणलेल्या नारळाची करवंटी आपण फेकून देतो. तिच्यासारख्या गोष्टींपासून बनणाऱ्या सच्छिद्र कोळशात हायड्रोजन कसा मुरतो, हे जेम्स मॅकबेन यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी तपासलं.

जन्म १८८२, कॅनडा. १९०९ मध्ये त्यांनी दाखवलं की, हा वायू आधी कोळशाच्या पृष्ठभागावर पटकन चिकटतो, मग हळूहळू आत शिरतो. दोन्हींसाठी मिळून त्यांनी ‘सॉर्प्शन’ हा शब्द दिला. पुढे क्वार्ट्झच्या नाजूक स्प्रिंगला नमुना टांगून शोषलेल्या वायूचं वजनही मोजलं. ब्रिस्टल आणि स्टॅनफर्डमध्ये शिकवून झाल्यावर ते पुण्यात आले, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून. तिचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला झालं. १९५३ मध्ये ते गेले.

१९९१ नंतर कार्बन नॅनोट्यूब गाजल्या. त्यांत भरपूर हायड्रोजन मावतो, असे दावे झाले. पण नेहमीच्या तापमानाला ते टिकले नाहीत. पृष्ठभागाची पकड कमजोर, थोडी ऊब मिळाली की रेणू सुटतात. म्हणून आता नॅनोट्यूबमध्ये धातू मिसळून संमिश्रं करून बघतात. अशी बातमी दिसली की दोनच गोष्टी विचारा: किती तापमानाला? वजनाच्या किती टक्के? मॅकबेन यांची स्प्रिंग हेच तर सांगायची.