शांता आपटे

शांता आपटे (मृत्यू : २४ फेब्रुवारी १९६४, मुंबई) या मराठी व हिंदी बोलपटांच्या प्रारंभकाळातील अग्रगण्य गायिका-अभिनेत्री होत्या. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटातील नीरा ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका होय. जरठ-बाला विवाहास ठाम नकार देणारी ही नायिका भारतीय चित्रपटातील स्त्रीचित्रणाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

प्रारंभिक जीवन

शांता आपटे यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे झाला. पंढरपूर येथील महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्यांचे संगीताचे शिक्षण झाले. भालजी पेंढारकर यांनी पुण्याच्या सरस्वती सिनेटोनसाठी दिग्दर्शित केलेल्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) या बोलपटात त्यांनी राधेची भूमिका केली. शाहू मोडक त्यात कृष्णाच्या भूमिकेत होते. हा चित्रपट मुंबईत सलग पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला.

प्रभातमधील कारकीर्द

कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. पुण्यात तयार झालेल्या तिच्या पहिल्या चित्रपटात, म्हणजे व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये, शांता आपटे यांनी सुमित्रेची भूमिका केली. केशवराव भोळे यांच्या संगीतामुळे त्यांच्या गायनगुणांना मोठा वाव मिळाला. पुढे ‘अमरज्योती’ (१९३६) मध्ये दुर्गा खोटे यांच्यासमवेत आणि दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) मध्ये राधेच्या भूमिकेत त्या दिसल्या.

कुंकू

‘कुंकू’ हा चित्रपट नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारित होता. त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ या नावाने निघाली. दोन्ही आवृत्त्यांत शांता आपटे याच नायिका होत्या. आप्तांनी फसवून वृद्ध विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याची पत्नी म्हणून नांदण्यास नकार देते. ती घर सोडून जात नाही. त्याच घरात राहून ती आपला निश्चय पाळते. वयाने आपल्याएवढ्या असलेल्या सावत्र मुलाने कुदृष्टी ठेवताच ती त्याला छडीने फटकावते. अखेरीस आपण केलेल्या अन्यायाची जाणीव झालेले काकासाहेब, तिने पुनर्विवाह करावा अशी इच्छा मागे ठेवून आत्महत्या करतात. ही भूमिका केशवराव दाते यांनी केली, तर काकासाहेबांच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे होत्या.

या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. प्रसंगात स्वाभाविकपणे ऐकू येणारे आवाज तेवढेच योजलेले आहेत. त्यामुळे प्रसंगातील भाव पोहोचविण्याचा भार नटांवर येऊन पडतो आणि शांता आपटे यांच्या अभिनयाचे सामर्थ्य येथेच दिसून येते. नीरेचे दुःख त्यांनी अश्रूंतून व्यक्त करण्याऐवजी ताठ मानेतून, रोखलेल्या नजरेतून आणि तुटक बोलण्यातून व्यक्त केले. आपण दुःख सोसू, परंतु अन्याय सोसणार नाही, ही नीरेची भूमिका त्यामुळे केवळ संवादापुरती राहत नाही. काकासाहेबांविषयी तिला शेवटी वाटणारी करुणाही त्यांनी संयमाने दाखविली. म्हणूनच नीरा कठोर वाटली तरी निष्ठुर वाटत नाही. लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही त्यांनी या चित्रपटात गायिली आहे.

अभिनयशैली

त्या काळी पडद्यावर गाणे म्हणताना नट बहुधा एका जागी स्थिर राहत. शांता आपटे यांनी हातांच्या व डोळ्यांच्या सहज हालचालींनी गाण्यास गती दिली. गाणे हा कथेतील विराम न ठेवता पात्राच्या बोलण्याचा भाग करणे, हे त्यांचे वैशिष्ट्य होते.

करारविषयक वाद आणि लेखन

करारातील अटींवरून प्रभात कंपनीशी मतभेद झाल्यावर १९३९ मध्ये त्यांनी स्टुडिओच्या प्रवेशद्वाराशी उपोषण केले. एका प्रसिद्ध अभिनेत्रीने आपल्या कामाच्या अटींसाठी असा मार्ग पत्करणे त्या काळी अपूर्व होते. त्यानंतर त्या प्रभातमधून बाहेर पडल्या. १९४० मध्ये त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रपटात येऊ पाहणाऱ्या तरुणींच्या प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी या व्यवसायातील श्रम, थकवा आणि मालक व कलावंत यांच्यातील विषम संबंध यांची चर्चा केली.

उत्तरकाळ

वाय. व्ही. राव यांच्या ‘सावित्री’ (१९४१) या तमिळ चित्रपटातील प्रमुख भूमिकेसाठी त्या तमिळ शिकल्या. त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी नारदाची भूमिका केली होती. लाहोर येथे निर्माण झालेला ‘जमीनदार’ (१९४२), नूरजहाँ यांच्यासमवेतचा ‘दुहाई’ (१९४३) आणि मास्टर विनायक दिग्दर्शित ‘सुभद्रा’ (१९४६) हे त्यांचे या काळातील उल्लेखनीय चित्रपट होत. स्वतंत्र कलावंत म्हणून त्यांना काम मिळत राहिले. तथापि नीरेच्या तोडीची भूमिका पुन्हा त्यांच्या वाट्यास आली नाही. पौराणिक व कौटुंबिक चित्रपटांतील नायिकांना नकाराचा तेवढा अधिकार कथेनेच दिलेला नव्हता. १९५० नंतर त्यांच्या चित्रपटांची संख्या घटत गेली. दीर्घ आजारानंतर १९६४ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

महत्त्व

कायद्याने आणि रूढीने स्त्रीला फारसा आधार नसताना नीरेचा नकार पडद्यावर विश्वसनीय करणे, हे शांता आपटे यांचे मोठे यश होय. ज्या स्टुडिओत ‘कुंकू’चे चित्रण झाले आणि ज्याच्या दाराशी त्यांनी उपोषण केले, त्याच जागेत आज भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत अभिनयाचे शिक्षण दिले जाते.