काकांनी घेतलेले वकीलपत्र

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीविषयी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी लगेच सार्वजनिक काकांचे नाव घेतले. त्याला कारण घरचेच आहे. आमच्याकडे वकिली. काही वर्षांपूर्वी ह्यांनी अशा एका माणसाचे वकीलपत्र घेतले की, ज्याचे नाव निघाले तरी आळीतली माणसे तोंड फिरवीत. सरकारनेच खटला भरलेला. मी दोन दिवस अबोला धरला. हे वाद घालीत बसले नाहीत. कपाटातून काकांवरचे एक जुने पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले, एवढेच.

काकांचे खरे नाव गणेश वासुदेव जोशी. जन्म १८२८ सालचा, सातारचा. पुढे पुण्यास वकिली करू लागले आणि लोकांच्या कामात इतके गुंतले की, गावाने त्यांचे नावच सार्वजनिक काका ठेवले. पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराविषयी लोकांची तक्रार होती. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासद व्हायचे तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे, असा तिचा नियम होता. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, असे सरकारने विचारलेच तर कागद तयार! वकिलाचेच डोके ते. १८७७ च्या दिल्ली दरबारात सारे राजेरजवाडे जरतारीत मिरवत असता काका तेथे जाड्याभरड्या खादीत गेले होते.

आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ साली पुण्यात स्त्रीविचारवती सभा काढली. हळदीकुंकवाला सर्व जातींच्या बायकांना बोलावणे त्या काळी किती अवघड असेल, ते मी सांगायला नको. आपले मंडळ त्याच वाटेवरचे आहे, असे मला नेहमी वाटते.

आता १८७९ साल. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेलेला. वासुदेव बळवंत फडके यांनी लष्करी हिशेबखात्यातली कारकुनी सोडून रामोशांना हाताशी धरले, दरोडे घातले आणि सरकारला उघड धमकीचे जाहीरनामे लावले. मे महिन्यात पुण्यातल्या बुधवारवाड्याला व विश्रामबागवाड्याला आगी लागल्या. झाले! शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांवर सरकारचा डोळा वळला. न्यायमूर्ती रानड्यांची धुळ्यास तडकाफडकी बदली झाली आणि त्यांची पत्रेसुद्धा फोडून वाचली जाऊ लागली. काकांची सभा तर आधीच संशयात होती.

जुलैत फडके पकडले गेले आणि त्यांना पुण्यास आणले. राजद्रोह, सरकारविरुद्ध लढाईचा कट, दरोडे असे आरोप ठेवले. त्यांच्या बाजूने उभे राहायला कोणी पुढे येईना. ज्याचे पोट सनदेवर, त्याने सरकारचा रोष का ओढवून घ्यावा? त्यांनाही मुलेबाळे होती; मी त्यांना नावे ठेवणार नाही.

काका उभे राहिले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. शस्त्राचा मार्ग काकांचा नव्हता. अर्ज करावे, माहिती गोळा करावी, सनदशीर भांडावे, ही त्यांची रीत. फडक्यांचे वकीलपत्र घेतले की, हा त्यांच्यातलाच, असे म्हणायला सरकारला आयते निमित्त मिळणार होते. आणि आयुष्यभर उभारलेली सभा धोक्यात येणार होती. तरीही सरकारच फिर्यादी, सरकारचेच पोलीस आणि न्यायाधीशही सरकारनेच नेमलेला, अशा कोर्टात आरोपी एकटा उभा राहू नये, एवढे त्यांनी पाहिले. फडक्यांच्या हातचे लिखाणच पुराव्यात होते. खटला जिंकण्याजोगा नव्हता, हे काकांसारख्या मुरलेल्या वकिलाला कळत नव्हते थोडेच?

नोव्हेंबरात जन्मठेपेची शिक्षा झाली. फडक्यांना एडनला पाठवले. तेथेच १८८३ मध्ये ते वारले. काका तर त्याआधीच, २५ जुलै १८८० रोजी गेले. वय अवघे बावन्न.

मग मिळवले काय, असे मी पुस्तक मिटून ह्यांना विचारलेच. हे म्हणाले, बाजू मांडली गेली. मला ते तेव्हा पुरेसे वाटले नाही, खरे सांगते. ह्यांच्या पक्षकारालाही शेवटी शिक्षाच झाली. पण दुसऱ्या तारखेपासून काळा कोट झटकून मीच ह्यांच्या हातात देऊ लागले.