बंदिवानांचे कैवारी जॉन हॉवर्ड

कोर्टांत खटला चालून आरोपी निर्दोष ठरला, कीं तो त्याच क्षणीं मोकळा झाला, असें आपण सर्वजण धरून चालतों. इंग्लंडांतील बेडफर्ड गांवीं इ. स. १७७३ सालीं मात्र तसें घडत नसे. ज्यूरीनें ज्यास निर्दोष म्हटलें त्या मनुष्यासही पुन्हां तुरुंगांत नेऊन कोंडीत, व जेलरची १५ शिलिंग ४ पेन्स आणि किल्लीवाल्याची २ शिलिंग दस्तुरी चुकती होईपर्यंत सोडीत नसत. महिनेच्या महिने कोठडींत बसलेल्या मजुरानें ही रक्कम आणावी कोठून? फिर्यादीच हजर न झाल्यामुळें ज्यांचा खटला उभा राहिला नाहीं, त्यांचीही हीच गत. ही गोष्ट लोकांच्या अंगवळणीं पडली होती. ती ज्यांच्या अंगवळणीं पडेना, त्या गृहस्थांचें नांव जॉन हॉवर्ड.

हॉवर्ड ह्यांचा जन्म इ. स. १७२६ मध्यें लंडनजवळील हॅक्नी येथें झाला. वडील सधन व्यापारी व कडक धर्मनिष्ठ होते. आई लहानपणींच वारली. अभ्यासांत हॉवर्ड ह्यांची कांहीं विशेष चमक दिसली नाहीं. वडिलांनीं त्यांस एका किराणा व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारीस ठेविलें. परंतु १७४२ सालीं वडील निवर्तले, व बरीच दौलत हातीं आल्यामुळें त्यांनीं ती उमेदवारी सोडून दिली. पुढें एका मोठ्या दुखण्यांत त्यांची घरमालकीण, वयानें त्यांच्याहून कितीतरी मोठी असलेली एक विधवा, हिनें त्यांची शुश्रूषा केली. कृतज्ञतेपोटीं त्यांनीं तिच्याशींच लग्न केलें. तीही दोन-तीन वर्षांतच वारली.

१७५५ सालीं लिस्बन शहर भूकंपानें उद्ध्वस्त झालें, तेव्हां तेथें जाण्यासाठीं हॉवर्ड जहाजावर चढले. पण वाटेंतच फ्रेंच चांच्यांनीं जहाज पकडून उतारूंस ब्रेस्ट येथील किल्ल्यांत डांबिलें. तेथें अन्नपाण्यावांचून काढलेले ते दिवस त्यांच्या मनांतून कधींच गेले नाहींत. स्वतःची सुटका झाल्यावर मागें राहिलेल्या सोबत्यांसाठीं त्यांनीं सरकारदरबारीं खटपट केली. त्यानंतर मात्र कार्डिंग्टन ह्या खेड्यांत आपल्या जमिनीवर राहून कुळांसाठीं चांगलीं घरें बांधावीं, मुलांसाठीं शाळा काढाव्या, ह्यांतच त्यांचीं वर्षें गेलीं. दुसरी पत्नी १७६५ सालीं मुलास जन्म देऊन थोड्याच दिवसांत वारली.

१७७३ मध्यें बेडफर्ड काउंटीच्या शेरीफपदावर त्यांची नेमणूक झाली. हॉवर्ड राज्यमान्य चर्चचे सभासद नव्हते, आणि त्या चर्चच्या पद्धतीनें प्रभुभोजन घेतल्यावांचून असें पद स्वीकारणें कायद्यानें दंडास पात्र होतें. तरीही त्यांनीं तें स्वीकारिलें. तुरुंगाची देखरेख शेरीफकडे असे. परंतु हें काम हाताखालच्या मनुष्यावर टाकून आपण मानपान तेवढा घ्यावा, असा रिवाज होता. हॉवर्ड स्वतः तुरुंगांत गेले व वर सांगितलेला प्रकार त्यांच्या नजरेस पडला. जेलरला पगारच नव्हता. कैद्यांकडून मिळेल तीच त्याची कमाई. म्हणजे दोष त्या एकट्या मनुष्याचाही नव्हता. कैद्यांना अडवून धरण्यांतच ज्याचें पोट, त्याकडून दुसरें काय व्हावें? जेलरला काउंटीनें पगार द्यावा अशी विनंती हॉवर्ड ह्यांनीं मॅजिस्ट्रेटांस केली. दुसऱ्या एखाद्या काउंटींत असा पगार देतात काय, तो दाखला आणा, असें उत्तर मिळालें. हॉवर्ड घोड्यावर बसून शेजारच्या काउंट्यांत दाखला शोधावयास निघाले. दाखला मिळाला नाहीं. तोच अन्याय मात्र ठिकठिकाणीं मिळाला.

मग हें शोधणें थांबेना. इंग्लंड व वेल्स येथील तुरुंगामागून तुरुंग ते पाहत चालले. तळघरें ओलीं, हवा कोंदट. कारण खिडक्यांवर कर होता व तो जेलरला भरावा लागत असल्यामुळें तो खिडक्या बुजवून टाकी. ह्या घाणींत टायफसचा ताप पसरे, आणि फांसावर जितके कैदी जात त्यांहून अधिक ह्या तापानें मरतात, असा हॉवर्ड ह्यांचा निष्कर्ष होता. तो ताप तुरुंगाच्या भिंतीआड राहणाराही नव्हता. १७५० सालीं कैद्यांबरोबर तो लंडनच्या कोर्टांत शिरला, तेव्हां दोन न्यायाधीश व लंडनचे मेयर त्याला बळी पडले. तुरुंग पाहून निघाल्यावर हॉवर्ड ह्यांच्या कपड्यांना इतका दर्प येई कीं बंद गाडींत बसणें अशक्य होई; म्हणून ते घोड्यावरून फिरत, आणि टिपणवहीसुद्धां विस्तवापुढें धरून शेकल्यावांचून उघडीत नसत.

खटल्याची वाट पाहणें हीही एक शिक्षाच होती. फिरतें सेशन कोर्ट कांहीं ठिकाणीं वर्षांतून एकदांच येई, आणि हल गांवीं तर पूर्वीं सात वर्षांतून एकदां! तेथें खुनाचा आरोप असलेला एक मनुष्य जवळजवळ तीन वर्षें तुरुंगांत होता. तेवढ्यांत मुख्य साक्षीदार मरण पावला व आरोपी सुटला. तो खुनी असेल तर मृताला न्याय मिळाला नाहीं, आणि नसेल तर त्याचीं तीन वर्षें फुकट गेलीं. हें सर्व जुन्या काळचें म्हणून सोडून देतां येईल असें मला वाटत नाहीं. जामीन मंजूर होऊनही पैसा किंवा जामीनदार नाहीं म्हणून तुरुंगांत पडून राहणारीं माणसें आपल्या देशांतही आहेत.

मार्च १७७४ मध्यें पार्लमेंटच्या कमिटीपुढें हॉवर्ड ह्यांची साक्ष झाली. एवढा प्रवास कोणाच्या खर्चानें केला, असें एका सभासदानें विचारिलें; स्वखर्चानें कोणी असें करील हें त्यास खरेंच वाटेना. पार्लमेंटनें त्यांचे आभार मानले व त्याच वर्षीं दोन कायदे केले. निर्दोष ठरलेल्यास भर कोर्टांतच मोकळें करावें व जेलरची भरपाई काउंटीच्या तिजोरींतून व्हावी, हा एक. तुरुंगाच्या भिंतींना चुना लावावा, हवा खेळती ठेवावी, आजाऱ्यांस निराळी जागा द्यावी, हा दुसरा. कायदा झाला म्हणून तो पाळला जाईल, असें मानणाऱ्यांपैकीं हॉवर्ड नव्हते. त्यांनीं ते कायदे पदरच्या पैशानें मोठ्या अक्षरांत छापून जेलरांकडे पाठविले, आणि मग पुन्हां पाहावयास गेले. कित्येक ठिकाणीं कांहींच बदललें नव्हतें.

१७७७ सालीं त्यांचा तुरुंगांविषयींचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांत आवेशाचीं भाषणें नाहींत. खोल्यांचीं मापें, भाकरीचें वजन, दस्तुरीचे आंकडे, एवढेंच आहे. त्यांनीं मोजलेल्या ४,०८४ कैद्यांपैकीं २,४३७ केवळ कर्ज न फेडल्यामुळें कोंडलेले होते. कोंडलेल्या मनुष्यानें कर्ज फेडावें कसें, ह्याचा विचार कायद्यानें केला नव्हता. सर्व कैद्यांवरील दस्तुरी बंद होण्यास १८१५ साल उजाडावें लागलें, आणि कर्जापायीं तुरुंग ही शिक्षा बव्हंशीं उठली ती १८६९ मध्यें.

त्यांचें सर्वच बरोबर होतें असें नाहीं. कैद्यानें रात्रीं एकटें निजावें, ह्या त्यांच्या सूचनेचा पुढें इतका अतिरेक झाला कीं १८४२ सालीं उघडलेल्या पेंटनव्हिल तुरुंगांत कैदी दिवसरात्र एकटे ठेवण्यांत आले व कांहींना वेड लागलें. घरींही, परक्यांच्या दुःखासाठीं हजारों मैल फिरणाऱ्या ह्या पित्याचा मुलगा लहानपणापासून परक्यांच्या हातीं वाढला, बिघडला आणि अखेर भ्रमिष्ट झाला. चरित्रांत ही गोष्ट झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

शेवटचीं वर्षें त्यांनीं प्लेगच्या शोधांत घालविलीं. क्वारंटाइनमध्यें माणसांचें काय होतें हें पाहण्यासाठीं ते मुद्दाम रोगाचा संशय असलेल्या जहाजांतून व्हेनिसला गेले व तेथें स्वतः कोंडून घेतलें. जानेवारी १७९० मध्यें खेरसन येथें (हें गांव तेव्हां रशियन साम्राज्यांत होतें, आज युक्रेनमध्यें आहे) एका तापकरी तरुणीस औषध देण्यास गेले असतां तोच ताप त्यांस जडला, व २० तारखेस त्यांचा अंत झाला. थडग्यावर स्मारक नको, एक छायायंत्र तेवढें बसवा, अशी त्यांची इच्छा होती. हयातींत आपला पुतळा उभारण्यासाठीं जमूं लागलेली वर्गणी त्यांनीं निक्षून बंद करविली होती. मृत्यूनंतर मात्र लोकांनीं ऐकिलें नाहीं; लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्यें पहिला पुतळा बसला तो हॉवर्ड ह्यांचाच, आणि त्याच्या हातांत शिल्पकारानें किल्ली दिली आहे.